वसुलीचा रविवार

रविवारी सकाळी गुरुप्रसादच्या अंगणात गाडीचा भोंगा वाजू लागला की वाडीतली माणसं हसून म्हणत, "निघाली बघा वसुली!"

यात खोटं काही नव्हतं. गुरुप्रसाद कट्टा गावातल्या एका पतपेढीत वसुली विभागात कामाला होता. सोमवार ते शनिवार तो लोकांचे थकलेले हप्ते वसूल करी, आणि रविवारी बायको किशोरी आणि मुलगी सृष्टी यांना गाडीत बसवून पास वसूल करायला निघे. माणूस सरळ, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण 'वसूल' हा शब्द त्याच्या अंगात असा भिनला होता की ताटातली चटणीसुद्धा तो वसूल केल्याशिवाय उठत नसे.

पास होता 'मौजलाट' या वॉटर पार्कचा. कुडाळ ओलांडून, पिंगुळीचा फाटा मागे टाकला की हमरस्त्याला लागूनच हे पार्क. उंच घसरगुंड्या, गोल फिरणारी होडी आणि कळ दाबली की लाटा उसळणारा मोठा तलाव. गेल्या वर्षी सृष्टीच्या वाढदिवसाला तिघंही तिथे पहिल्यांदा गेली आणि खरं सांगायचं तर मनसोक्त हसून आली. बाहेर पडताना खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, "वर्षाचा फॅमिली पास घ्या ना सर! तीनदा आलात की पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट!" वसूल आणि फुकट हे दोन शब्द एकाच वाक्यात ऐकल्यावर गुरुप्रसादचा हात आपोआप खिशाकडे गेला.

पहिले काही रविवार बरे गेले. मग सृष्टीचे कान दुखू लागले. किशोरीला त्या पाण्याच्या औषधी वासाने मळमळायला लागलं. घरचा डबा आत न्यायला बंदी, म्हणून जेवण तिथलंच घ्यावं लागे. गाडीचं पेट्रोल वेगळं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा! पण गुरुप्रसाद मसाला हिशेबात धरतच नसे. त्याला फक्त कोंबडी दिसत होती.

आणि आता पासाची मुदत संपत आली होती. नव्या वर्षाचा दर जवळजवळ दीडपट झाला होता. पुढच्या रविवारपर्यंत जो स्वतः येऊन नूतनीकरण करील त्यालाच जुन्या दराची सवलत मिळणार होती. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, झालं तेवढं पुरे. गुरुप्रसाद म्हणाला, "दर वाढलो म्हणजे सोयी वाढल्यो. आता तर जास्तच वसूल करूक होयो!"

त्या रविवारी सकाळी किशोरी गाडीत बसता बसता थांबली.

"अवो, आज नको जावया. माजां डोक्यां दुकता. आणि आयेक ताप इलो हा, सकाळी फोन इल्लो. थेट पिंगुळीक जाऊन येवया."

"पिंगुळी वाटेतच आसा मां!" गुरुप्रसाद म्हणाला. "येताना जावया. असे रविवार चुकवूक लागलो तर पासाचां गणितच बिघडात."

हे 'येताना' किशोरीला पाठ झालं होतं. पार्क बंद होईस्तोवर तिथून हलायचं नाही, मग उशीर व्हायचा आणि माहेराच्या फाट्यावरून गाडी सरळ पुढे जायची. वर्षभर दर रविवारी ती आईच्या दारावरून दोनदा जात होती आणि एकदाही उतरत नव्हती. ती गाडीत बसली.

इतक्यात शेजारचा निकेत धावत आला. "गुरूदादा, आज रापण आसा. आबांनी निरोप धाडल्यानी. एक तर आज ये, नायतर फुडच्या रविवारी. मगे संघ बसतलो आणि तुमच्या घराचां नाव जातलां."

रापण म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. होडीने समुद्रात लांबवर जाळं अर्धगोल सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभं राहून सगळ्या वाडीने ओढायचे. दोराला हात लावील त्याला माशांचा वाटा! मग तो घरचा असो, नाही तर कोल्हापूरहून फिरायला आलेला पाहुणा. संघातल्या घरांना एवढंच बंधन, की घरातल्या एका तरी माणसाने हंगामात हात लावायला हवा. नोकरदारांना फक्त रविवारी येण्याची सवलत होती. पूर्ण हंगामात जे घर दोराला शिवलंच नाही, ते संघातून कमी व्हायचं. गुरुप्रसादचे वडील शिवा यांनी केस पांढरे होईपर्यंत हा दोर ओढला होता. त्या घराचं नाव यंदा जाऊ घातलं होतं आणि गुरुप्रसादला त्याची कल्पना नव्हती असंही नाही.

त्याने पाकीट उघडलं आणि काही नोटा निकेतच्या हातावर ठेवल्या.

"ह्ये आबांकडे दी. गैरहजेरीचो दंड म्हणान जमा करून घेवक सांग."

निकेत नोटांकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. गुरुप्रसादच्या मनात काही वाईट नव्हतं हो! पतपेढीत हप्ता चुकला की दंड भरायचा आणि खातं सुरळीत करायचं. त्याला वाटलं, इथेही तसंच. त्याने गाडी सुरू केली.

संध्याकाळी तिघं दमून घरी आली तर पडवीत आबा बसले होते. आबा म्हणजे शिवाचे चुलतभाऊ आणि रापण संघाचे प्रमुख. त्यांनी मूठ उघडली. आत त्याच नोटा होत्या.

"गुरू, ह्या काय रे?"

"दंड, आबानू. येवक गावला नाय, म्हणान..."

"दंड तुजेकडे मागल्यान कोणी?" आबांचा आवाज चढला. "दोराक नोटो बांदल्यार जाळां भायर येता काय? दोराक हात होये रे, हात! तुज्या बापाशीन कधी पैशे दिल्यान नाय. तो ताप आसताना पण येवन दोर धरी."

गुरुप्रसाद ओशाळला, पण वसुलीवाला तो, सहजासहजी हार कशी मानणार? "आबानू, मी पण काय करू? पैशे भरून बसलंय. आणि हौसेक मोल नसता म्हणतत मां?"

आबा एकदम हसले. "हौस? बरां, सांग माका. आज मजा इली?"

साधा प्रश्न होता. चहाचा कप घेऊन आलेली किशोरीही उत्तर ऐकायला दारात थांबली. गुरुप्रसाद आठवू लागला.

"मजा म्हणजे... सगळ्या घसरगुंड्यांवर जाऊन इलंव. एक पण सोडूक नाय."

"मगे ही हौस नाय रे बाबा," आबा म्हणाले. "ही हजेरी!"

किशोरीने पदराआड तोंड लपवलं. ती हसत होती की काय, कळलं नाही.

"फुडच्या रविवारी दुपारी रापण लागतली," आबांनी उठता उठता सांगितलं. "हंगामातली शेवटची. तुज्या घराचां नाव ऱ्हवता काय जाता, तां त्या दिवशी ठरतलां."

"पण फुडच्या रविवारी पासाची शेवटची तारीख!" गुरुप्रसाद कळवळून म्हणाला. "स्वतः जावक होयां, आबानू!"

आता आबा भडकणार असं किशोरीला वाटलं. पण आबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मगे सकाळी जा आणि दुपारी ये. मी पण येतंय. बगूया तरी, तुजो तो इकतचो दर्यो कसो आसा तो."

गुरुप्रसादचा चेहरा खुलला. तुम्हाला वाटेल, वडीलधारं माणूस सोबत येणार म्हणून. छे! पासासोबत मिळालेलं पाहुण्याचं मोफत कूपन वर्षभर पडून होतं आणि तेही त्याच दिवशी बाद होणार होतं. तेवढंच वसूल!

तर पुढच्या रविवारी आबा 'मौजलाट'मध्ये शिरले. पंचे आत चालत नाहीत असं कळल्यावर त्यांनी भाड्याची फुलाफुलांची तोकडी चड्डी चढवली आणि स्वतःकडे बघून इतके हसले की तिथला रखवालदारही हसू लागला. मोठ्या घसरगुंडीच्या टोकावर त्यांनी हात जोडले, "देवा म्हाराजा, संबाळ रे!" अशी आरोळी ठोकली आणि जे सुटले ते थेट पाण्यात. बाहेर आले ते डोळ्यांतलं पाणी पुसत. "परत एकदा!" म्हणाले आणि सृष्टीचा हात धरून पुन्हा जिना चढले. मग लाटांच्या तलावात उतरले. लाट येण्याआधी भोंगा वाजला, तेव्हा आबांनी कान टवकारले.

"गो सृष्टी, हयसर लाटेक आधी भोंगो वाजवूचो लागता?" ते म्हणाले. "आमच्या दर्याक कळलां तर तो हसान मरात!"

सृष्टी हसून हसून पाण्यात बसली. कितीतरी रविवारांनी ती तिथे हसत होती. हे किशोरीच्या लक्षात आलं.

थोड्या वेळाने आबा बाहेर आले, अंग पुसलं, स्वतःचे कपडे चढवले आणि झाडाखालच्या बाकावर निवांत बसले. गुरुप्रसाद धावतच आला.

"आबानू, कपडे कित्याक बदललास? अजून ती काळी गुहा ऱ्हवली, ती फिरती होडी ऱ्हवली!"

"माजां पोट भरलां रे. झ्याक वाटलां."

"पण कूपन दिवसभराचां आसा!"

"बस हयसर," आबांनी त्याला शेजारी ओढलं. "पंगतीक बसलेलो माणूस पोट भरल्यार उठता, काय टोपातली आमटी संपासर बसता?"

"उठता."

"मगे? ही जागा वायट नाय, गुरू. माका मजा इली, खोटां कित्याक सांगू? वर्सातसून एकदा कोणी हाडल्यान तर परत येयन. पण तुजां काय झालां हा, ठाव आसा? तू पास घेवक नाय. पासान तुका घेतल्यान!"

गुरुप्रसाद काहीतरी बोलायला गेला, पण आबा थांबले नाहीत.

"जे पैशे भरलंस ते गेले. तू हजारदा इलंस तरी ते काय परत येणत नाय. आणि गेलेल्या पैशांच्या पाठसून तू काय काय धाडतंस बग. रविवार धाडलंस. बायलेचां म्हायार धाडलंस. ह्या चेडवाचे कान धाडलंस. आता बापाशीचो दोर पण धाडूक निघालंस. ह्याका वसुली म्हणतत काय रे? आमी ह्याका बुडीत म्हणतंव!"

बुडीत! वसुली विभागातल्या माणसाला याहून झोंबणारा शब्द नाही. तरीही गुरुप्रसाद पुरता वळला नव्हता. माणसाचं मन असं एका धक्क्यात कुठे वळतं? त्याच्या डोक्यात अजून आकडे फिरत होते, नवा दर, जुना दर, वाचणारा फरक.

तेवढ्यात ओल्या केसांनी सृष्टी आली आणि आबांना चिकटून बसली.

"आबानू, एक विचारू? रापणीचो पास कितक्याक गावता?"

"कसलो पास गो?"

"दोर ओढूचो. आमच्या वर्गातली आरोही सगळ्या रापणींक जाता. तिच्याकडे आसतलो. आमचो नाय, म्हणान तर बाबांनी निकेतदादाकडे दंडाचे पैशे दिल्यानी मां? मी सुरूच्या झाडांकडसून बगतंय. फुडे गेलंय तर कोणी पास मागात म्हणान भियातंय."

आबांनी मान फिरवली. किशोरी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली.

आणि गुरुप्रसाद? अरेरे! शिवाची नात रापणीच्या पासाची किंमत विचारत होती! ज्या घराच्या पडवीत पिढ्यान्‌पिढ्या तो दोर सुकला, त्या घरातली पोर सुरूच्या झाडाआड उभी राहून, भीत भीत, आपलाच किनारा लांबून बघत होती! हे तिला कुणी शिकवलं? शाळेने नाही, वाडीने नाही. पैसे भरल्याशिवाय आनंदाला हात लावता येत नाही हा धडा तिने दर रविवारी बापाच्या मागे चालत चालत गिरवला होता. गुरुप्रसादने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चल, पास करून घे," आबा शांतपणे म्हणाले. "मगे निगाया."

खिडकीवर नम्रता नावाची तीच चुणचुणीत मुलगी होती. तिने ओळखीचं हसू दिलं.

"या सर! आज शेवटचा दिवस, जुन्याच दरात करून देते. फोटो काढू ना? आणि नेहमीचे आहात म्हणून सांगते, तुमचा पास अगदी पुरेपूर वसूल झाला हं! तुमच्याइतके रविवार दुसरं कुणीच आलेलं नाही."

वर्षभर हे वाक्य ऐकण्यासाठी तो धडपडला होता. आज ते ऐकून त्याचे कान गरम झाले.

"नको ताई," तो म्हणाला. "यंदा राहू द्या. सुट्टीत कधी वाटलं तर तिकीट काढून येऊ."

"सर, नंतर हा दर मिळणार नाही!"

"चालेल."

त्याच्या मागे कुडाळचं एक तरुण जोडपं उभं होतं. त्यांचा मुलगा तिथे पोहायला शिकत होता, घर जवळच होतं आणि पोराला पाण्यातून ओढून बाहेर काढावं लागत होतं. त्यांनी हसत हसत पास काढला. त्यांचा निर्णय त्यांच्यापुरता योग्यच होता. गुरुप्रसादला त्यांचा हेवा वाटला नाही, यातच सगळं आलं.

पिंगुळीच्या फाट्यावर किशोरीने सवयीने खिडकीबाहेर बघितलं. गाडीचा वेग कमी झाला. गाडी वळली! ती थेट तिच्या आईच्या दारात जाऊन थांबली. गुरुप्रसाद आत गेला, सासूबाईंच्या पाया पडला, तब्येत विचारली.

"तू ऱ्हव आयेकडे," तो किशोरीला म्हणाला. "आमी रापणीक जातंव. सांजच्याक मी येतंय न्हेवक."

किशोरीने नवऱ्याकडे नीट बघून घेतलं. "नको तुमी. दोर ओढून हात भरान येतले. मी एष्टीन येयन. उद्या इलंय तरी चलात मां?"

"उद्या ये. परवा ये!"

ती इतकी मोकळी हसली, की गाडी निघाल्यावर आबा म्हणाले, "बगलंस? हेका पास लागूक नाय."

किनाऱ्यावर पोचले तेव्हा जाळं पडलं होतं आणि दोन्ही दोर ताणले होते. निम्मी वाडी एका बाजूला, निम्मी दुसऱ्या. मध्येच पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेले कोल्हापूरचे दोन-चार पाहुणेही जीव खाऊन ओढत होते. गुरुप्रसादला बघून हशा उसळला.

"वसुलीसायेब इले रे! दर्याकडसून काय थकलां हा?"

"दर्याचां नाय," गुरुप्रसाद म्हणाला, "माजांच थकलां हा."

त्याने चपला काढल्या आणि दोर धरला. सृष्टी मागेच घुटमळत होती. "ये गो!" पुढून आरोही ओरडली. सृष्टीने एकदा बापाकडे बघितलं. त्याने मान हलवताच ती धावली आणि मैत्रिणीच्या मागे दोन्ही हातांनी दोराला लटकली. कुणी काही मागितलं नाही. कुणी काही विचारलं नाही. सगळे एका सुरात "हैशा!" म्हणत मागे सरकत होते आणि तीही सरकत होती. ओल्या काथ्याने गुरुप्रसादचे टेबलावर मऊ झालेले तळवे सोलून निघाले, कंबर बोलू लागली. पण त्या तासाभरात त्याने घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

जाळं आलं. काही सोन्याचा दिवस नव्हता. पुष्कळशी तारली, थोडे बांगडे आणि एक नांग्या उगारलेली, चिडलेली कुर्ली. आबा वाळूवर वाटे घालू लागले. गुरुप्रसाद सृष्टीला पुढे करून स्वतः बाजूला झाला.

"माजो वाटो नको, आबानू. वर्सभर मी तोंड दाखवूक नाय. खंयच्या तोंडान घेव?"

आबांनी ओंजळभर मासे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"गुरू, ही पतपेढी नाय. रापण मागची बाकी काढणा नाय आणि मागची जमा पण धरणा नाय. काल येवक नाय, कालचो वाटो नाय. आज हात लावलंस, ह्यो आजचो वाटो. उचल!"

गुरुप्रसादने वाकून मासे उचलले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. नाव ठेवायचं की काढायचं हा विषय संध्याकाळी संघात निघालाच नाही. शेजारी सृष्टी फ्रॉकचा ओचा करून स्वतःचा वाटा घेत होती. आयुष्यातली तिची पहिली कमाई. तिने ती कुणालाही उचलू दिली नाही.

वाचकहो, वर्षाचा पास घेणं हा काही गुन्हा नाही. पार्काचा असो, व्यायामशाळेचा असो, की घरबसल्या बघायच्या कार्यक्रमांचा असो, मनापासून जावंसं वाटत असेल तर जरूर घ्या आणि मजेत जा. पण जायचं की नाही हे ठरवताना आधी भरलेल्या पैशांकडे बघू नका. समोरच्या रविवाराकडे बघा आणि स्वतःला एवढंच विचारा, हा पास आज कुणी फुकट दिला असता, तरी आज मी तिथे गेलो असतो का? उत्तर 'नाही' असेल तर खुशाल घरी राहा. भरलेले पैसे गेले ते गेले. त्यांची भरपाई म्हणून आपल्या माणसांचे दिवस त्यात घालू नका, कारण ते दिवस कुठलीच पतपेढी वसूल करून देत नाही.